थायमस काढलाय, मग माझ्या मुलाच्या टी पेशींचं काय?

प्रश्न : माझा मुलगा चार महिन्यांचा असताना त्याच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. आता तो सहा वर्षांचा आहे. खेळतो, पळतो, हृदयाचे डॉक्टरही खूश आहेत. परवा शाळेचा आरोग्याचा फॉर्म भरायला जुनी फाइल काढली, तर ऑपरेशनच्या नोंदीत एक ओळ दिसली : 'थायमस काढण्यात आला.' शोधलं तेव्हा कळलं की टी पेशी थायमसमध्येच तयार होतात आणि त्यांच्याशिवाय प्रतिकारशक्ती चालतच नाही. थायमस काढलेल्या लोकांत मृत्यूचं प्रमाण जास्त असतं असंही एका बातमीत वाचलं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. त्याला खेळायला पाठवणं बंद केलंय. त्याच्या अंगात टी पेशी आहेत तरी का? दिलेल्या लसी वाया गेल्या का? प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध सुरू करू का? आणि एवढी मोठी गोष्ट आम्हाला कुणी सांगितली कशी नाही?
– एक आई

उत्तर :

ताई,

आधी उत्तर, मग कारणं. तुमच्या मुलाच्या अंगात टी पेशी आहेत. एकही रिपोर्ट न बघता मी हे लिहिते आहे, कारण थायमस जन्मतःच नसलेली, टी पेशी जवळपास शून्य असलेली बाळंही असतात, आणि उपचार झाले नाहीत तर ती सहसा दोन-तीन वर्षांपलीकडे जगत नाहीत. एक संसर्ग संपत नाही तोच दुसरा, न थांबणारे जुलाब, वजन वाढतच नाही, असे त्यांचे दिवस जातात. सहा वर्षांचा, पळणारा मुलगा त्यांच्यातला नाही. उद्या त्याला खेळायला पाठवा आणि पुढचं सावकाश वाचा.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. टी पेशी थायमसमध्येच घडतात. फक्त कोणत्या वयात किती घडतात आणि घडल्यावर कुठे जातात, हे त्या एका वाक्यात येत नाही. तुमच्या काळजीचं उत्तर नेमकं तिथे आहे.

थायमस छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असतो. दोन पाळ्यांची मऊ, गुलाबट राखाडी ग्रंथी. मोठ्या माणसात तिची बरीचशी जागा चरबीने घेतलेली असते, पण तान्ह्या बाळात ती चांगली भरलेली असते. छातीचं हाड उघडलं की सर्जनला हृदयाआधी थायमस दिसतो. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या त्याच्याखाली झाकलेल्या असतात. तिथे पोचायचं, हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या जोडायच्या, तर थायमसचा काही भाग, कधी जवळपास सगळा, काढावा लागतो. तान्ह्या बाळांच्या हृदयाच्या ऑपरेशनमध्ये ही नेहमीची गोष्ट आहे. नोंदीत नुसतं 'काढण्यात आला' असलं तरी मानेकडे गेलेली त्याची टोकं बरेचदा मागे राहतात, आणि राहिलेला भाग पुढे काही मुलांत पुन्हा वाढतोही.

जाता जाता एक सांगते. असा काढलेला थायमस दर वेळी टाकूनच दिला जातो असं नाही. जन्मतः थायमस नसलेल्या बाळांसाठी त्याचे पातळ काप करून, ते प्रयोगशाळेत काही दिवस जोपासून मांडीच्या स्नायूत बसवतात. अमेरिकेत २०२१ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. मांडीत बसवलेल्या त्या कापांतून त्या बाळाच्या स्वतःच्या टी पेशी तयार होऊ लागायला सहा महिने ते वर्ष लागतं. एवढा वेळ का लागतो, ते टी पेशी कशी घडते हे पाहिलं की कळेल.

टी पेशीची सुरुवात थायमसच्या बाहेर होते. अस्थिमज्जेत, आणि गर्भात असताना त्याआधी यकृतात, रक्ताच्या मूळ पेशी असतात. त्यातल्या थोड्या रक्तातून थायमसमध्ये शिरतात. शिरताना त्यांचं काही ठरलेलं नसतं. थायमसच्या अस्तरातल्या पेशींवर असलेलं एक प्रथिन या नव्या पेशींवरच्या 'नॉच' नावाच्या ग्राहीला (पेशीवरच्या, संकेत पकडणाऱ्या प्रथिनाला) भिडतं, आणि मगच त्यांचा टी पेशी होण्याचा मार्ग पक्का होतो. उंदरांत नॉचचं जनुक बंद करून पाहिलं, तेव्हा थायमसमध्ये टी पेशींऐवजी बी पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकारपेशी, तयार व्हायला लागल्या. म्हणजे पेशी कोणती होणार, हे ती कुठे जाऊन पडते यावर बरंच अवलंबून असतं.

पुढचा भाग मला अजूनही थक्क करतो. शरीरातल्या पेशी आपला डीएनए प्राणपणाने जपतात. ही पेशी तो मुद्दाम कापते. टी पेशीच्या पृष्ठभागावर जो ग्राही येणार, त्याचं जनुक तयार स्वरूपात नसतंच. सुटे तुकडे असतात. रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं त्यातले काही तुकडे निवडून मधला डीएनए कापून काढतात आणि उरलेली टोकं जोडली जातात. जोडताना सांध्यावर चार-दोन जादा अक्षरं कशीही घातली जातात. त्यामुळे शेजारच्या दोन पेशींचे ग्राही सहसा वेगवेगळे निघतात. उद्या कोणता विषाणू येणार हे शरीराला माहीत नसतं, म्हणून ते आधीच कोट्यवधी प्रकारचे ग्राही करून ठेवतं. त्यातला एखादा तरी लागू पडतो.

या पद्धतीत नुकसानही तितकंच आहे. जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचलं जातं. सांध्यावर एक अक्षर कमी-जास्त झालं की पुढचं सगळं वाचन बिघडतं. म्हणजे तीनातला साधारण एकच सांधा कामाचा. ग्राही दोन साखळ्यांचा असतो. पेशी आधी त्यातली बीटा साखळी जुळवते. एका गुणसूत्रावर फसलं तर दुसऱ्यावर पाहते, तिथेही फसलं तर मरते. जमलं तर ती भराभर विभागते आणि तिच्या पुष्कळ प्रती होतात. मग प्रत्येक प्रत आपली वेगळी अल्फा साखळी जुळवायला घेते. इथे मात्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करायची मुभा असते. या टप्प्यावर पेशीच्या अंगावर सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही प्रथिनं एकाच वेळी असतात, आणि तिच्या हातात तीन-चार दिवस असतात.

त्या तीन-चार दिवसांत तिला एक गोष्ट करून दाखवायची असते. शरीरातल्या पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून बाहेर मांडतात. अवयव प्रत्यारोपणाच्या वेळी जे एचएलए जुळवून पाहतात, तेच हे. टी पेशीला विषाणू थेट दिसत नाही. एचएलएवर मांडलेला त्याचा तुकडाच तिला ओळखता येतो. म्हणून आपल्या शरीराच्या एचएलएला हलकासा का होईना, पण तिचा ग्राही लागला पाहिजे. थायमसच्या बाहेरच्या थरात हे तपासलं जातं. ज्या पेशींचा ग्राही कशालाच लागत नाही त्यांना कुणी मारत नाही. त्यांना जगण्याचा संकेत मिळत नाही आणि त्या आपोआप संपतात. बहुतेक पेशींचा शेवट इथेच होतो. ज्यांचा ग्राही पहिल्या वर्गाच्या एचएलएला लागतो त्या सीडी८ ठेवतात आणि पुढे बाधित पेशींना मारणाऱ्या होतात. दुसऱ्या वर्गाला लागणाऱ्या सीडी४ ठेवतात आणि बाकीच्या प्रतिकारपेशींना मदत करणाऱ्या होतात.

उरलेल्या पेशी आतल्या थरात येतात, आणि आता उलटी तपासणी असते. शरीराच्या स्वतःच्या प्रथिनाला ज्या पेशीचा ग्राही घट्ट धरतो, ती बाहेर जाऊन स्वतःच्याच अवयवांवर उठेल. तिला मरायला लावलं जातं. पण इन्सुलिन तयार होतं स्वादुपिंडात, थायरॉइडची प्रथिनं गळ्यात. छातीतल्या ग्रंथीला त्यांची परीक्षा घेता येते कशी? तर थायमसच्या आतल्या थरातल्या काही पेशी 'एअर' नावाच्या जनुकाच्या जोरावर अख्ख्या शरीरातल्या हजारो प्रथिनांचे नमुने थोडे थोडे स्वतःच तयार करतात. इन्सुलिनसुद्धा. हे जनुक १९९७ मध्ये सापडलं, तेही ते बिघडलेल्या रुग्णांमुळे. त्यांच्या टी पेशी परके जंतू सोडून स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला करत होत्या. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी, अधिवृक्क ग्रंथी अशा एकामागून एक निकामी होत जात.

घट्ट धरणाऱ्या सगळ्याच पेशी मारल्या जात नाहीत. काहींना वेगळ्या कामाला लावलं जातं. त्या 'नियामक' टी पेशी होतात आणि आयुष्यभर इतर टी पेशींना आवरून धरतात. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना याच पेशींच्या संशोधनासाठी मिळालं.

थायमसला टी पेशींची शाळा म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच बाहेर पडतात आणि बाकीच्या आतच संपतात, अशा शाळेत कुणी आपलं मूल घालणार नाही. पण एक गोष्ट त्या उपमेत बरोबर आहे : बाहेर पडलेल्या परत आत येत नाहीत. त्या रक्तात उतरतात, तिथून लसिका गाठींत आणि प्लीहेत जातात आणि वर्षानुवर्षं तिथे फिरत राहतात. थायमस टी पेशी साठवून ठेवत नाही. म्हणून थायमस काढला तेव्हा आधीच बाहेर पडलेल्या टी पेशी त्याच्याबरोबर गेल्या नाहीत.

मग प्रश्न असा की तुमच्या मुलाच्या बाबतीत चौथ्या महिन्यापर्यंत बाहेर पडलेल्या होत्या किती? इथे एक जुना प्रयोग सांगायला हवा, कारण तुम्ही वाचलेल्या भीतीदायक मजकुराचं मूळ बहुधा तिथे आहे. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर हे तरुण संशोधक उंदरांतल्या ल्युकेमियावर काम करत होते. त्यासाठी त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचा थायमस काढला. पिल्लं सुरुवातीला ठीक होती, मग खंगत गेली, संसर्गांनी मेली. त्यांच्या अंगावर दुसऱ्या जातीच्या उंदराची त्वचा लावली तरी ती गळून पडेना. परकं ओळखणारं काही उरलंच नव्हतं. मोठ्या उंदराचा थायमस काढला तर मात्र असं काही दिसत नसे. तोवर थायमसला कुणी फारशी किंमत देत नव्हतं. मिलर यांच्या निष्कर्षांनंतरही, १९६३ मध्ये, नोबेल विजेते पीटर मेडावर थायमसमधल्या लिम्फोसाइट पेशींना (टी पेशी याच गटातल्या) उत्क्रांतीतला एक किरकोळ अपघात समजत होते.

त्याआधीची गोष्ट याहून वाईट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तान्ह्या बाळाचा थायमस मोठा असणं हाच आजार मानला जात होता. मोठ्या थायमसने श्वास कोंडून बाळं दगावतात, असं डॉक्टरांना वाटे. तो लहान व्हावा म्हणून धडधाकट बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. त्यातल्या अनेकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. बाळाचा थायमस मोठाच असायचा असतो, हे तेव्हा कुणी नीट मोजलेलं नव्हतं.

मिलर यांच्या पिल्लांवर येऊ. त्यांची अवस्था वाईट झाली, कारण उंदराचं पिल्लू फार कच्चं जन्मतं. त्याच्या थायमसमधून टी पेशी बाहेर पडायला खरी सुरुवात जन्मानंतरच होते. माणसाचं बाळ तसं नसतं. मूळ पेशी गर्भाच्या थायमसमध्ये आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास शिरू लागतात, आणि गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापर्यंत घडलेल्या टी पेशी बाहेर पडू लागलेल्या असतात. नियामक टी पेशीसुद्धा जन्माआधीच बाहेर असतात. तुमचा मुलगा ऑपरेशनच्या टेबलावर गेला तेव्हा त्याच्या थायमसचं काम पोटातले पाच-सहा महिने आणि बाहेरचे चार महिने चाललेलं होतं. उंदराच्या पिल्लावरून त्याचं भवितव्य काढता येत नाही.

आणखी एक फरक आपल्या बाजूने आहे. अजून कोणत्याही जंतूशी गाठ न पडलेल्या टी पेशींना 'नाइव्ह' टी पेशी म्हणतात. नव्या रोगाशी लढायला त्याच लागतात. उंदरात त्यांचा साठा आयुष्यभर बव्हंशी थायमसच भरत राहतो. मोठ्या माणसात मात्र आधीच्या नाइव्ह पेशी विभागून साठा टिकवतात. थायमसचा वाटा थोडाच असतो. तुमच्या मुलाच्या शरीरातही बहुधा हेच चाललंय, फक्त इतरांपेक्षा बरंच लवकर सुरू झालंय.

म्हणजे काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि तो मी लपवणार नाही. लहानपणी थायमस गेलेल्या मुलांच्या रक्तात नाइव्ह टी पेशी वयाच्या मानाने कमी सापडतात. काहींची टी पेशींची मोजणी वीस-पंचविशीत अशी दिसते की एखाद्या उतारवयातल्या माणसाची वाटावी. सायटोमेगॅलोव्हायरस या सर्रास आढळणाऱ्या विषाणूचा संसर्ग होऊन गेलेल्यांत हे अधिक दिसतं. विभागून साठा टिकतो, पण विभागून नवा प्रकार तयार होत नाही. त्यामुळे ग्राहींची विविधता हळूहळू कमी होऊ शकते. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात अशा मुलांत संसर्ग आणि थायरॉइड मंदावणं यांचं प्रमाण जास्त आढळलं. थायरॉइड का, ते आता तुम्ही ओळखलं असेल : स्वतःवर उठणाऱ्या पेशी गाळणं हे थायमसचं अर्धं काम आहे. पण 'प्रमाण जास्त' याचा अर्थ 'प्रत्येकाला होणार' असा नाही. यातली बहुतेक मुलं शाळा-कॉलेज करून आपापल्या कामाला लागतात आणि थायमसचा विषय त्यांच्या आयुष्यात कधी निघतही नाही.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा २०२३ मधल्या अमेरिकेतल्या अभ्यासाची असावी. त्यात थायमस काढल्यानंतर पाच वर्षांत ८.१ टक्के रुग्ण दगावले होते. छातीचीच दुसरी शस्त्रक्रिया झालेल्या पण थायमस न काढलेल्या रुग्णांत हे प्रमाण २.८ टक्के होतं. कर्करोगही साधारण दुप्पट दिसला. अभ्यास महत्त्वाचा आहे. प्रौढांचा थायमस म्हणजे अडगळ, ही समजूत त्याने चांगलीच हलवली. पण ते सगळे प्रौढ होते. त्यांचा थायमस वेगवेगळ्या कारणांनी काढला होता आणि तुलना जुन्या नोंदींवरून केलेली होती. चार महिन्यांच्या बाळावर झालेल्या ऑपरेशनला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. ते वाचून मुलाला घरात बसवणं तर नकोच.

लसी वाया गेल्या का? नाही. लसीनंतर तयार होणारे प्रतिपिंड बी पेशी बनवतात, पण सीडी४ पेशींच्या मदतीशिवाय ते धड जमत नाही. थायमस काढलेल्या मुलांत अगदी नव्या लसीला प्रतिसाद कधी थोडा उशिरा किंवा थोडा कमी येतो असं दिसलंय, पण पुढच्या मात्रा पूर्ण झाल्या की तो भरून निघतो. म्हणून वेळापत्रकातली एकही मात्रा चुकवू नका आणि फ्लूची लस दरवर्षी द्या. शंकाच असेल तर एखाद्या लसीचे प्रतिपिंड रक्तात मोजता येतात. जिवंत विषाणूची एखादी लस द्यायची राहिली असेल, तर ती देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना थायमसबद्दल सांगा. ते टी पेशींची मोजणी बघून ठरवतील.

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या औषधांबद्दल माझं मत कडक आहे : घेऊ नका. थायमस पुन्हा उगवेल किंवा टी पेशींची विविधता वाढेल असं सिद्ध झालेलं कोणतंही चूर्ण, गोळी वा सिरप बाजारात नाही. आणि प्रतिकारशक्ती नुसती 'वाढवणं' हे ध्येयच चुकीचं आहे. थायमस किती पेशी गाळतो ते तुम्ही वर वाचलंत. एवढी गाळणी शरीर उगाच करत नाही. कुपोषणाने थायमस आकसतो हे खरं आहे, म्हणून त्याला पोटभर, चौरस जेवण मिळू द्या. रक्ततपासणीत लोह, जस्त किंवा ड जीवनसत्त्व खरोखरच कमी निघालं तर ते डॉक्टर देतील. त्यापलीकडे काही नको.

आता तुमचा राग. तुम्हाला सांगायला हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाळाचं हृदय दुरुस्त करायच्या धावपळीत थायमसचा उल्लेख संमतिपत्रात आणि नोंदीत होतो, तोंडी होत नाही. बहुतेक सर्जनना ती सांगण्यासारखी बाब वाटत नाही, कारण पुढची दहा-वीस वर्षं मूल त्यांच्या डोळ्यांसमोर नसतं. भांडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण एक प्रश्न मात्र त्यांना नक्की विचारा, आणि या पत्रातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे : हृदयातला दोष नेमका कोणता होता, आणि २२व्या गुणसूत्राची तपासणी झाली होती का?

कारण असं. काही मुलांत बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जन्मतः नसतो. साधारण चार हजार बाळांत एकाला हे असतं. गर्भात ज्या भागातून थायमस बनतो, त्याच परिसरातून पॅराथायरॉइड ग्रंथी बनतात आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची घडणही तिथेच होते. त्यामुळे या मुलांत फॅलोट टेट्रालॉजी हा हृदयाचा जन्मजात दोष किंवा महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) कमानीतले दोष, रक्तातलं कॅल्शियम कमी असणं, टाळूचे दोष आणि मुळातच लहान असलेला थायमस हे एकत्र आढळू शकतं. तुमच्या मुलाचा दोष यातला असेल आणि ही तपासणी झाली नसेल, तर ती करून घ्या. मग मुद्दा फक्त ऑपरेशनचा राहत नाही. कॅल्शियम, बोलणं, शिकणं या सगळ्यावर लक्ष ठेवावं लागतं. दोष साधा असेल, म्हणजे नुसतं हृदयातल्या पडद्याला भोक वगैरे, आणि बाकी सगळं ठीक असेल, तर ही शक्यता खूप कमी आहे.

रक्ताची तपासणी करायचीच असेल तर एकदा टी पेशींची मोजणी करा : सीडी३ (सगळ्या टी पेशींवर असणारं प्रथिन), सीडी४, सीडी८ आणि जमल्यास नाइव्ह पेशींचं प्रमाण. मोठ्या प्रयोगशाळांत फ्लो सायटोमेट्री या पेशी मोजायच्या यंत्रावर ती होते. आकडे वयाच्या मर्यादेपेक्षा थोडे खाली येतील आणि रिपोर्टवर लाल खुणा असतील, हे आधीच गृहीत धरा. मूल ठणठणीत असेल तर त्या खुणांवर उपचार करायचा नसतो. थायमसचा राहिलेला भाग काम करतोय का हे पाहणारी 'ट्रेक' नावाचीही एक तपासणी आहे. ग्राहीचं जनुक कापताना निघालेला डीएनएचा तुकडा बारीक कड्यासारखा पेशीत राहतो. पेशी विभागली तरी त्याची प्रत होत नाही. म्हणून रक्तात अशी कडी जितकी जास्त, तितक्या थायमसमधून ताज्या आलेल्या पेशी जास्त. टी पेशी जन्मतः नसण्याचे आजार शोधणारी, नवजात बाळांच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरची तपासणी याच तत्त्वावर चालते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने ती प्रथम सुरू केली. तुमच्या मुलासाठी मात्र ती मुद्दाम शोधत फिरू नका. त्या आकड्यावरून उपचारात काही बदलणार नाही.

डॉक्टरांकडे लगेच जायचं ते या गोष्टी दिसल्या तर : वर्षात दुसऱ्यांदा न्यूमोनिया, तोंडात पुन्हा पुन्हा बुरशी येणं, लांबलेले जुलाब आणि घटतं वजन, कांजिण्या किंवा नागीण नेहमीपेक्षा जोरात होणं. शाळेतून आणलेली सर्दी, चार दिवसांचा ताप, वर्षातून सहा-सातदा वाहणारं नाक यात बसत नाही. सहा वर्षांच्या मुलाला ते होणारच.

शाळेच्या फॉर्मवर पूर्वीच्या शस्त्रक्रियांच्या रकान्यात 'हृदय शस्त्रक्रिया व थायमस काढणे, वय चार महिने' एवढं लिहा, आणि त्या नोंदीची एक प्रत लसीकरणाच्या कार्डाला जोडून ठेवा. पुढच्या वेळी हृदयाच्या तपासणीला जाल तेव्हा टीएसएच ही थायरॉइडची तपासणीही करून घ्या. ती दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करायची का, हे तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.